आप्पांच्या हाडातलं औषध

चूक माझीच होती. माझे सासरे, आप्पा, रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन. त्यांना लकव्याचा झटका येऊन पाच आठवडे झाले होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या घरी माझ्या लेकीला, गौतमीला भरवताना मी मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि सासूबाईंना ऐकवलं, "आई, हाडांतून म्हणे हार्मोन सुटतं. झटक्यानंतर ते मेंदूला जपत असावं."

तेवढ्यात गौतमीनं वाटी उलटी केली. हे सगळं अजून उंदरांवरच बघितलंय, एवढं सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला अंघोळ घालून बाहेर येते, तर घरभर बकऱ्याच्या पायांच्या रश्श्याचा वास. सासूबाईंनी चमचा आप्पांच्या ओठांशी नेलेला.

"आई, थांबा!"

तोवर घोट आत गेला होता. आप्पांना जोराचा ठसका लागला. चेहरा लाल झाला. मी त्यांना पुढं वाकवून धरलं. पातळ काही देऊ नका, श्वासनळीत जातं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लगेच त्यांना फोन लावला. "ताप आला, धाप लागली तर घेऊन या," ते म्हणाले.

"तूच म्हनलीस ना, हाडात औषध हाय?" सासूबाई रडवेल्या झाल्या.

"बकऱ्याच्या नाही हो. आप्पांच्याच हाडातलं. आणि तेही अजून नक्की नाही."

"मग ते भाईर कसं काढायचं?"

प्रश्न बरोबर होता. "पायावर भार पडला की हाडं कामाला लागतात म्हणे. व्यायामाच्या मॅडमही रोज उभं करायला सांगतातच की."

"आन् पडले म्हंजी?"

पलंगावरून आप्पांचा जड आवाज आला, "मला... उभं करा. रस्सा... तुमी खा."

"वाचा फुटली, की आधी टोमणे!" सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

त्या दिवशी मी पाच वेळा ताप बघितला. आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या कमरेला साडी गुंडाळून सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, मी त्यांचा अधू डावा गुडघा धरला. आप्पा उठले. गुडघा माझ्या तळहातात थरथरत होता. आतून काही सुटलं की नाही, कोण सांगणार?

"बसवू?" मी विचारलं.

"थांब जरा," सासूबाई म्हणाल्या. "अजून उभे हायत ते."