अंदाजाने भरलेली रेघ

अरे, आधी ऐक तर, मधे बोलू नकोस! मुरबाडच्या त्या दवाखान्यात आपली रत्नप्रभा एक्स-रे काढते ना, तिच्यासमोर तानी बसलेली, मनगट धरून. सिद्धगडाच्या पायथ्याची बाई. लाकडांची मोळी घेऊन उतरताना घसरली, हातावर आपटली. सोबत नवरा, सुरज. आणि स्क्रीनवर फोटो आला तो एकदम साफ!

"बग! बोललो व्हतो ना, कायपन नाय," सुरज म्हणाला. "लावणी आली का हिचं दुखनं सुरू."

"मंग माजं दुखतंय त्ये खोटं का गो ताई?" तानीने रत्नप्रभाला विचारलं.

रत्नप्रभाला त्या साफ फोटोचीच शंका. झालं काय होतं, गेल्या आठवड्यात एक्स-रेचं पॅनल, ती चपटी पाटी रे, टेबलावरून सटकली. आत काचेवर लाखो बारीक स्विच असतात, त्यांच्या दोन-चार रांगा मेल्या. मग काय, प्रत्येक फोटोत उभी पांढरी रेघ! कंपनीवाल्याने फोनवरूनच सेटिंग करून दिली. मेलेल्या जागी शेजारचं बघून मशीन अंदाजाने भरणार. रेघ गायब, सगळे खूश. आणि तानीचं मनगट आलं होतं नेमकं त्याच पट्ट्यात. मग तिथे दिसत होतं ते हाड तानीचं, की मशीनच्या मनातलं?

रत्नप्रभाने तिचा हात तिरका ठेवून फोटो परत काढला. केसाएवढी चीर दिसली! अजून एकदा काढला. गायब!

डॉक्टर कल्याणला होते. मोबाईलवर तिन्ही फोटो बघून म्हणाले, "अगं, पॅनलचाच लोच्या आहे तो. नॉर्मल आहे, सोड तिला."

आता खरं कुणाचं? डॉक्टरांचं, पॅनलचं, की तानीचं?

"चल, ऊठ," सुरज म्हणाला. "उद्या रोपं उपटायची हायत."

तानी डाव्याच हाताने टेबल धरून उठली, उजव्यावर जराही भार दिला नाही. रत्नप्रभाने स्वतःची ओढणी काढली आणि तानीचा उजवा हात गळ्यात बांधून टाकला.

"सुरजभाऊ, चीर हाय. ह्या हाताला काम नाय लावायचं. आठ दिवसांनी परत आणा."

"आत्ता तर नाय बोलले ना डाक्टर? कुठं हाय, दाखवा."

रत्नप्रभाने स्क्रीनवर बोट ठेवलं. बोटाखाली नुसतं साफ, पांढरं हाड.

"हां," तानी हळूच म्हणाली, "तितंच."

सुरजने वाकून बघितलं. मग त्याने बायकोच्या चपला पायाने तिच्यापुढे सरकवल्या.

चीर होती की नव्हती, रत्नप्रभाला अजून कळलेलं नाही. तू सांग, तू ठेवलं असतंस बोट?