एकेचाळीस नंबरचा हात

श्यामसुंदर गोडबोले यांना माणसांची फारशी आवड नव्हती. माणसांचे हात मात्र आवडत. बँकेतून निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या माणसाला एखादा व्यासंग लागतोच, नाहीतर तो दिवसभर घरात दिसतो. शेजारपाजारचे लोक दिवे आणि अडकित्ते जमवून मोकळे झाले होते, म्हणून श्यामसुंदररावांनी हातांचे जुने फोटो धरले. फक्त हात. चेहरा आला की फोटो सामान्य होतो, हे ते सदाशिव पेठेतल्या आपल्या फ्लॅटवर येणाऱ्या प्रत्येकाला तासभर समजावत. येणारे त्यामुळे कमी झाले होते.

जुन्या बाजारात त्यांना सव्वीस फोटोंचा एक गठ्ठाच मिळाला होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, तपकिरी पडलेले, काळ्या कापडावर ठेवलेले हात. मागे पेन्सिलीने आकडे. बाकी माहिती काहीच नसल्यामुळे अभ्यासाला भरपूर वाव होता. तीन वर्षं खपून श्यामसुंदररावांनी प्रत्येक हाताला एक घरंदाज आयुष्य बहाल केलं. हा बीनकाराचा, तो सरदाराचा, आणि करंगळी-अनामिका डौलाने आत वळलेला एकेचाळीस नंबरचा हात दरबारी नर्तकीचा. प्रदर्शन ठरलं. रसिक मंडळाचे सलिल आठवले यांनी उद्घाटक म्हणून स्वतःचं नाव सुचवलं आणि ते लगेच मान्यही केलं.

तेवढ्यात भिंग धरून धरून श्यामसुंदररावांचा अंगठा आखडला.

"तीन वर्षांत घरात कशाला हात लावला नाहीत," त्यांच्या पत्नी नीरजाबाई म्हणाल्या, "तरी दुखावला कसा?"

दोन गल्ल्या सोडून दीक्षाचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. बिबवेवाडीहून स्कूटरने येणारी ही मुलगी मोजकं बोलायची, आणि अंगठा तिच्या हातात असल्यामुळे तिला उठून जाता येत नव्हतं. असा श्रोता सोडणं शक्यच नव्हतं. श्यामसुंदररावांनी अल्बम उघडून नर्तकीची मुद्रा दाखवली. दीक्षाने अंगठा सोडला आणि अल्बम जवळ ओढला.

"काका, ही मुद्रा नाही. कुष्ठरोगात कोपराजवळची नस गेली की ही दोन बोटं अशीच वळतात." तिने पान उलटलं. "तुमच्या बीनकाराची बोटं झिजलीत बघा. हे दवाखान्यातल्या नोंदीचे फोटो असावेत. मागचे आकडे पेशंटचे असतील."

कलेतलं तुला काय कळतं, असं ते तिला विचारणार होते. पण ती एकेका फोटोवर बोट ठेवून कुठली नस गेली ते सांगत गेली, आणि सरदारापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा प्रश्न विरून गेला.

घरी येऊन त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले. नीरजाबाईंनी कारण काढून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की फोटोतून रोग लागत नाही, लागत असता तर तीन वर्षांत लागला असता. श्यामसुंदररावांना लाज वाटली. लाज वाटल्याचं कबूल करायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती, म्हणून भूक नाही असं सांगून ते बसून राहिले. ज्यांना कुणी शिवलं नसेल, त्या हातांना त्यांनी सरदार केलं होतं. आणि सरदारकी जाताच स्वतः साबण शोधला होता.

त्यांनी फोटोंखाली लावायची जुनी कार्डं फाडली. नव्यांवर फक्त नंबर लिहिला आणि खाली 'नाव माहीत नाही'. सलिलरावांनी फोनवर बरंच समजावलं की जुना मजकूर सरस होता, खरं-खोटं कोण तपासतो, उगाच रसभंग कशाला. ते जमेना, तेव्हा नेमक्या उद्घाटनाच्याच दिवशी त्यांच्याकडे एक लग्न निघालं.

मंडळातले चौघे आले. चौघेही हॉलच्या बरोब्बर मध्यभागी, सगळ्या भिंतींपासून सारखंच अंतर राखून उभे राहिले आणि चहा न घेता गेले. दीक्षा क्लिनिक आटोपून आली, सगळे फोटो पाहून नमस्कार करून गेली. मग हॉल झाडणाऱ्या सरुबाई उरल्या. एकेचाळीस नंबरपुढे त्या झाडू टेकवून बराच वेळ उभ्या होत्या.

"बाईनं कोऱ्या बांगड्या भरल्यात," त्या म्हणाल्या. "फोटो काढायचा म्हणून."

श्यामसुंदरराव जवळ गेले. मनगटभर काचेच्या बांगड्या होत्या. वळलेल्या बोटांवरून भिंग कधी खाली सरकलंच नव्हतं. त्यांनी ते सरुबाईंपुढे धरलं. नको म्हणत त्या पुढच्या फोटोकडे वळल्या, आणि श्यामसुंदरराव खिशातलं पेन काढून त्यांच्या मागोमाग गेले.