बिजागरीचा कॅमेरा

सोनपेठ तालुक्यात कुणाला बैल घ्यायचा असला की आधी बन्सीधरआप्पांना निरोप जातो, बाकीचं सगळं मागाहून. आप्पा येतात, जनावराच्या पाठीवरून हात फिरवतात, ओठ उलटा करून दात बघतात आणि मान हलवतात. मान उभी हलली तर सौदा पुढे सरकतो, आडवी हलली तर विकणारा दोरी धरून निमूट दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. बाजाराची रीतही अशी की बोलायचं ते पारख्यानं. घेणाऱ्यानं मूग गिळून एक पाऊल मागे उभं राहायचं. तो बोलला की त्याचा जीव जनावरावर बसलाय हे समोरच्याला कळतं, आणि मग सौदा नासला म्हणून समजा.

बैलाच्या बाजारात ही रीत शोभते. पण आप्पांनी ती घरात आणली होती. धाकट्या भावाची सायकल, सुनेची शिलाई मशीन, शेजाऱ्याच्या पोराचं स्थळ, सगळीकडे पारखी आप्पा, आणि बाकीचे एक पाऊल मागे. माणूस मनानं वाईट नव्हता. आपण बोललो नाही तर जगाचं नुकसान होईल असं त्यांना खरोखरच वाटायचं, आणि अशा माणसांना कुणी थांबवू शकत नाही.

त्यांची लेक निकिता. लाल कंधारी बैलांवर तिचं मोबाईलवर एक चॅनल होतं. पोरगी लहानपणापासून बापाच्या मागे बाजार हिंडलेली, तिला जनावरातलं कळायचं, आणि कळतं हे तिला ठाऊकही होतं. पहिल्याच मोठ्या व्हिडिओत तिनं खोंड कसा निवडावा ते सांगितलं. एकटीच होती, मोबाईल काठीला बांधला आणि भरभरून बोलली. घरी येऊन बघते तर सगळं काही आलेलं, फक्त तिचं डोकं नव्हतं. मोबाईलचा चांगला कॅमेरा पाठीला आणि चित्र दिसतं ते दुसऱ्या बाजूला, समोर उभं राहिलेल्याला आपण कुठं दिसतोय ते कसं कळावं? खाली लोकांनी लिहिलं, "ताई, मुंडकं घरी विसरलात का?" पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या बाजारी तेच सगळं आप्पा बोलले आणि निकितानं मोबाईल धरला. तो व्हिडिओ असा चालला की विचारू नका. तेव्हापासून चॅनल निकिताचं आणि तोंड आप्पांचं. लोक बाजारात आप्पांना ओळखायला लागले, त्यांच्यासोबत फोटो काढायला लागले. निकिता धरणारी ती धरणारीच राहिली.

म्हणून तिनं ठरवलं की आता कॅमेरा घ्यायचा, आणि तो असा घ्यायचा की ज्याची चित्र दिसणारी काच बाहेर उघडून पुढे वळते. बोलणाऱ्याला आपण स्वतः दिसतो, आपल्या मागे काय चाललंय तेही दिसतं, धरायला दुसऱ्याची गरज नाही. पैसे तिचे स्वतःचे होते. पण सकाळी ती एसटीला निघाली तर आप्पा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आधीच फाट्यावर उभे.

"कॅमेरा असो का खोंड," ते म्हणाले, "घेताना जाणतं माणूस संगं असावं."

एसटीत खिडकीशी बसल्या बसल्या निकिताचा विचार पक्का होत गेला. आज कॅमेराही आप्पांनीच निवडला, तर चॅनलवर आपलं नाव तेवढं उरेल. ते काही होऊ द्यायचं नाही. बाप असला म्हणून काय झालं.

परभणीत स्टेशनच्या वाटेवर बुद्धभूषणचं दुकान आहे. बुद्धभूषणनं पूर्वी लग्नांचे फोटो काढले, आता तो कॅमेरे विकतो. निकिता फोनवर त्याच्याशी बोलली होती, काय हवं ते सांगितलं होतं. पण फेटेवाला माणूस दुकानात शिरला की दुकानदाराची नजर आपोआप फेट्याकडेच जाते.

"या मामा, बसा. बोला, काय दाखवू?"

झालं! आप्पा पुढे, निकिता एक पाऊल मागे.

बुद्धभूषणनं काउंटरवर दोन कॅमेरे मांडले. एक मोठा, काळाभोर, अंगानं भरलेला, त्याची काच पाठीला घट्ट बसवलेली. दुसरा लहान, निकिताला हवा तोच, कपाटाच्या दारासारखी काच उघडणारा. आप्पांनी आधी मोठा उचलला. तळहातावर जोखला, अंगठा सगळीकडून फिरवला, काचेत फुंकर मारली, आणि कानाशी नेऊन हलवला सुद्धा.

"नवा कोराच हाय नव्हं? का कुणाच्या हाताखालून आलेला?"

"नवाच हाय मामा. डब्यातून आत्ता काढला."

"अंग हाय ह्याला. हे चालंल." मग त्यांनी लहाना घेतला, काच उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि त्यांची मान आडवी हलली. "ह्याला सांधा हाय. जिथं सांधा, तिथं लंगड. बैल मोडतो तो सांध्यातनंच, मधातनं न्हाई मोडत कुणी. हे बिजागरीचं जनावर आपल्याला नगं."

"आप्पा, मला ती बिजागरीच तर—"

"थांब गं माय, म्या बोलायलोय न्हवं?" आप्पा बुद्धभूषणकडे वळले. "ह्या मोठ्याचंच बोला."

निकिताचे कान तापले. मोठा कॅमेरा वाईट नव्हता, चांगलाच होता. पण तो हात लांब करून धरायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि मुंडकं पुन्हा घरीच राहणार. हे सगळं तिला सांगता येत होतं. अख्खी रात्र तिनं त्याचा अभ्यास केला होता. पण आप्पांना सांगून काही उपयोग नसतो, दाखवावं लागतं, हेही तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. तिनं बाजाराचीच रीत पुढे केली.

"आप्पा, जुंपल्याबिगर कंदी इसार दिलाव का तुमी?"

आप्पांचा हात थांबला. बैल औताला जुंपून, चार फेऱ्या चालवून बघितल्याशिवाय इसाराचे पैसे द्यायचे नाहीत, हा त्यांचाच कायदा. स्वतःच्या कायद्याला ना म्हणणारे ते नव्हते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "जुंपून दावा की वो."

बुद्धभूषणनं डोकं खाजवलं. कॅमेरा दुकानाबाहेर द्यायचा त्याचा रिवाज नव्हता. पण त्याला गंमतही वाटली असणार. तो म्हणाला, "दारापुढं उभं राहा, म्या हितं पायरीवर थांबतो," आणि खरंच पायरीवर येऊन, डोळ्यांत तेल घालून उभा राहिला.

"तुमीच बोला आप्पा," निकिता म्हणाली. "खुराचं सांगा."

बाहेर लिंबाखाली आप्पांनी मोठा कॅमेरा हात लांब करून धरला आणि खूर कसा असावा ते सांगायला सुरुवात केली. काय बोलतो माणूस! एक ऑटोवाला ऑटो थांबवून ऐकायला लागला. आत येऊन बघितलं तर आवाज खणखणीत, आणि चित्रात फेट्याचा अर्धा वळसा, लिंबाची फांदी आणि ऑटोवाला.

"हात हालला जरासा," आप्पा म्हणाले. पडले तरी नाक वर.

"असंल. आता ह्याच्यावर बोला." निकितानं लहान्या कॅमेऱ्याची काच उघडली, पुढे वळवली आणि त्यांच्या हातात दिला.

दोघं पुन्हा लिंबाखाली आले. काचेत स्वतःला बघून आप्पा आधी खूश झाले. मिशीवरून हात फिरवला, फेट्याचा शेमला नीट केला. मग पुन्हा खूर. खूर काळा असावा, घट्ट असावा, दोन फाकांमधली फट कमी असावी, ती उभ्या बैलाची सुद्धा पारख्याला लगेच कळते. निकिता सवयीनं त्यांच्या मागे एक पाऊल उभी होती. बोलणं चुकीच्या वाटेला चाललंय असं तिला वाटलं. ती पुढे झुकली, "आप्पा" म्हणायला तोंड उघडलं, आप्पा बोलतच राहिले, तिनं तोंड मिटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ओढणी सारखी करून ती पुन्हा मागे झाली, आणि तेव्हा तिचं लक्ष काचेकडे गेलं.

काचेत पुढे फेटा होता आणि फेट्याच्या खांद्याशी एक पोरगी होती. तोंड अर्धवट उघडं. निकितानं स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. तिला स्वतःचीच दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला.

आप्पांचं बोलणं तुटलं. त्यांनीही बघितलं होतं. मागे वळले नाहीत, काचेतच तिच्याकडे बघत राहिले.

"तू काई म्हणायलीस का?"

"व्हय."

"कवापसनं?"

"लय दिसांपसनं, आप्पा."

ऑटोवाला निघून गेला. बुद्धभूषण पायरीवर उगाच शर्टाला हात पुसत उभा राहिला. बाजारात कुणी आप्पांच्या पारखीत खोट काढली असती तर आप्पांनी त्याला सोडलं नसतं, पण इथं खोट काढणारं कुणीच नव्हतं, त्यांच्याच हातातली काच होती. त्यांनी ती हळूच मिटली. आजवर ते पुढे बघूनच बोलत आले होते. मागे कुणी तोंड उघडून ताटकळत असेल हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलेलं लपवता येईना.

"चल आत," ते म्हणाले, आणि दारात येऊन थांबले. निकिता आत जाईपर्यंत ते थांबले होते हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

काउंटरशी आता ती पुढे होती. आपल्याला काय पाहिजे ते तिला चांगलं माहीत होतं.

"दादा, बिजागरीचाच घेणार हाय. पण हा न्हाई, हा दिवसभर लोकांच्या हातात असतो. सीलबंद काढा."

बुद्धभूषणनं डबा आणला. तिनं काच उघडली, वळवली, मिटली, कानाशी धरून पुन्हा उघडली. कॅमेरा तिरका केला तर काच आपोआप जराशी खाली घसरली.

"ही सैल हाय. चालता चालता पडंल. दुसरा दाखवा."

आप्पांचा हात काउंटरकडे सरकला. तो कॅमेरा हातात घेऊन बघायची त्यांना एवढी ऊर्मी आली की बोटं वळली. पण त्यांनी हात धोतराच्या सोग्यात खुपसला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. निकिताला ते दिसलं. आयुष्यात आप्पांनी तिला पुष्कळ काही दिलं होतं, पण असं अवघड कधी काही दिलं नव्हतं.

दुसऱ्या डब्यातल्या कॅमेऱ्याची काच जिथं ठेवावी तिथं थांबत होती. बॅटरी बसवून तिनं चित्र बघितलं, आवाज ऐकला, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माईकवर लावायची केसाळ टोपी मागून घेतली. बुद्धभूषणला जुन्या सवयीनं राहवलं नाही.

"मामा, तुमचं काय म्हणनं?"

आप्पांनी तोंड फिरवून निकिताकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "पाणी मिळंल का जरा?"

बुद्धभूषण हसत पाण्याची बाटली आणायला गेला. निकितानं पैसे दिले, पिशवी खांद्याला लावली, आणि ती आप्पांनी मागितली तरी दिली नाही.

संध्याकाळच्या सोनपेठच्या गाडीत गर्दी होती, पण दोघांना शेजारी जागा मिळाली. गाडी परभणीबाहेर पडून कापसाच्या रानांतून चालली. मग आप्पांनी विचारलं, "मघा लिंबाखाली तुला काय म्हणायचं व्हतं?"

"खुराचं तुमी चुकीचं सांगायलाव."

"म्या?"

"उभ्या बैलाचा खूर बगून काई कळत न्हाई आप्पा. त्येला फुफाट्यातनं चालवावं, आन् मागं जाऊन पायाचा माग बगावा. मागचा पाय पुढच्याच्या मागावर पडायला पायजे. पडला न्हाई तर खूर कितीबी काळा असू द्या, तो बैल औताला थकणार."

"अगं, माग बगाय कशाला लागतोय? मला उभ्यानं कळतंय!"

"तुमाला कळतंय. पन व्हिडिओ बगणाऱ्याला कसं कळंल?"

"फुफाटा नसंल तर? पावसाळ्यात काय बगायचं? चिखल?"

"चिखलात तर माग लय बेस उठतो!"

आप्पा बाकावर आडवे वळून बसले. निकिताही वळली. पुढच्या बाकावरचा एक माणूस मान मागे करून ऐकायला लागला, मग त्याच्या शेजारची बाई. वाटेत एका फाट्यावर गाडी थांबली तेव्हा आप्पा हात वर करून बोलत होते आणि निकिता त्यांना "थांबा, माझं होऊ द्या आधी" म्हणत होती. आप्पा थांबले, तिचं होऊ दिलं, आणि लगेच पुन्हा तुटून पडले. तिला इतकं बरं वाटत होतं की हसू दाबता येत नव्हतं. बाजारात बरोबरीचे पारखी भेटले की आप्पा असेच भांडतात, आणि असे बरोबरीचे त्यांना फार थोडे भेटलेले.

सोनपेठ जवळ आलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या माणसानं विचारलंच, "कोन वो ही पोरगी? बैलाचं लय ठसक्यात बोलायलीय."

"माझी लेक हाय," आप्पा म्हणाले. "बैलातलं लय कळतंय हिला. चॅनल हाय तिचं, बगत जावा." आणि आवाज चढवून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "फकस्त खुराचं तिचं चुकलंय!"