पाठीवरचं साखरपाणी

लेकाला फिट येऊन गेल्यापासून मी त्याच्याकडे बघते म्हणजे बघतच राहते. पापणी जरा जास्त लवली, की माझा जीव टांगणीला. डॉक्टरांच्या सिरपने फिट थांबल्या आणि मला दुसराच घोर लागला. आमचा किरकिऱ्या चक्क हसायला लागला. चमचा पडला तरी खिदळतो. हे हसू त्याचं की औषधाचं? उद्या औषध बंद झालं, तर हसूही बंद?

"हसतोय ना? मग हसू दे की!" नवरा म्हणाला. झालं त्याचं संशोधन!

मग मी नणंदेला गाठलं. ती प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते, म्हणून घरात तिचं नाव उंदीरआत्या. फिटवरचंच एक औषध ती उदास उंदरांना देऊन बघते.

"पण ताई, उंदीर उदास झालाय हे कळतं कसं? तोंड पाडून बसतो?" लेकाला सिरप पाजता पाजता मी विचारलं.

"त्याचं तोंड तसंही पडलेलंच असतं गं! आम्ही त्याच्या पाठीवर साखरपाणी फवारतो. बरा असलेला उंदीर लगेच स्वतःला चाटूनपुसून लख्ख करतो. उदास असतो तो बसून राहतो, तसाच चिकट."

"आणि औषध दिलं की?"

"बरेचसे पुन्हा अंग साफ करायला लागतात. पण हे उंदरांचं हं. माणसांचं एवढ्यावरून काही ठरत नाही. याचं म्हणशील, तर फिट थांबल्या, झोप लागते, म्हणूनही हसत असेल. डॉक्टरांना विचार. माझे पेशंट शेपटीवाले."

तेवढ्यात लेकाने 'फुर्र' केलं आणि तोंडात उरलेलं सिरप माझ्या खांद्यावर उडवलं. मी त्याची हनुवटी पुसली, मान पुसली, बोटांची पेरंसुद्धा पुसली, आणि पुढचा प्रश्न विचारला. ताई माझ्याकडेच बघत होती.

"काय झालं?"

"तुझ्या खांद्यावर सिरप आहे."

"असू दे."

"शेजारी कालचंही आहे. आणि तो पिवळा डाग कधीचा?"

"असेल कधीचातरी."

"केस कधी विंचरलेस?"

"ताई, मी काय तुमचा उंदीर आहे?"

"उंदराला असं सोडलं नसतं मी. आण त्याला इकडे." तिने लेकाला उचलून कडेवर घेतलं. "उद्या मी येते डॉक्टरांकडे. याचं विचारून झालं, की तुझ्यासाठी कुणाकडे जायचं तेही विचारू. आणि हे सिरप त्याचं आहे हं, तू तोंड लावायचं नाहीस."

"मला काय धाड भरलीय!" असं म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. लेकाला तीही गंमत वाटली.

बाथरूममध्ये नळ सोडला. कुडत्याचा खांदा पाण्याखाली धरला, तर बोटं नुसती चिकचिक.

"काय चाललंय आत?" ताई ओरडली.

"अंग साफ करतेय!"

बाहेर दोघंही खो खो हसली. लेकाचं हसू सगळ्यात वर. ते कुणाचं, त्याचं की औषधाचं, हे बघायला मी धावत बाहेर गेले नाही. आधी केस धुतले.