चकातली कडी

बाबा गेले तेव्हा त्यांच्या धातू कातायच्या लेथ मशीनवर एक काम अर्धवट राहिलं होतं, आणि आईने बजावलं होतं की त्याला कोणी हात लावायचा नाही.

बरं, ते काही शिलाई मशीन नव्हे, की कोपऱ्यात सरकवलं आणि वर चादर टाकली. मागची अख्खी खोली त्याने अडवली होती. कारखान्याने जुनी यंत्रं काढली तेव्हा बाबा हे धूड घरी घेऊन आले, आणि आईने त्या दिवशी अबोला धरला. आता घर रिकामं करून आई माझ्याकडे राहायला येणार होती. मशीन एका प्रशिक्षण शाळेला द्यायचं ठरलं होतं आणि उद्या त्यांचा ट्रक येणार होता. पण मशीनच्या जबड्यात, म्हणजे चकात, पितळेचा तो तुकडा घट्ट धरलेला. पुढचा भाग गोल कडीसारखा कोरलेला, मागचा अजून नुसता ठोकळा.

"काढला की संपलं," आई म्हणाली. "तुझे बाबा हेच सांगायचे ना? एकदा चकातून सुटला की परत तसा बसत नाही."

मलाही तो तसाच हवा होता. बाबांचं शेवटचं काम होतं ते, आणि ते कशाचं होतं हे कळल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

बाबा आधी नौदलात, जहाजाच्या इंजिनाजवळ. नंतर जन्मभर विमानांचे भाग घडवणाऱ्या कारखान्यात. दोन्ही नोकऱ्या त्यांनी घरात आणून ठेवल्या होत्या. डबे घसरू नयेत म्हणून प्रत्येक फळीला त्यांनी कडेने पट्टी ठोकली होती. "घर हलतंय कुठे?" आई विचारायची. "हलल्यावर पट्ट्या ठोकत बसू का?" बाबा म्हणायचे. कारखान्याची सवय वेगळी. तापलेला धातू फुगतो, त्याचं माप खोटं येतं, म्हणून ते कुठलीही गोष्ट गरम असताना मोजत नसत. लग्नानंतर मी एकदा नवऱ्याशी कडाक्याचं भांडून माहेरी आले, तर माझं ऐकून न घेता म्हणाले, "आधी गार हो. मग मोजू." तेव्हा असा राग आला होता. आज कोणी तसं म्हणायला हवंय, आणि कोणी नाही.

लहानपणी मला परीची गोष्ट कधी मिळाली नाही. मला होकायंत्राची गोष्ट मिळाली. "जहाज कितीही डुललं तरी होकायंत्र सपाट राहतं. कडीत कडी, तिच्यात आणखी कडी. बाहेरच्या कड्या काय हलायचं ते हलतात, आतली जागची ढळत नाही." मी पक्की धांदरट. दुधाचा पेला हातात आला की निम्मं दूध फरशीवर. "मला करा ना तसा पेला," मी म्हणायचे. "करू," बाबा म्हणायचे. मग विमानं आली, माझी शाळा संपली, पेला राहिलाच.

कारखान्यात बाबांच्या शेजारच्या मशीनवर काम केलेले दाढीकाका संध्याकाळी आले. त्यांनी चष्मा पुसला, पितळेवरून बोट फिरवलं, आणि न विचारता खालचा खण उघडला. फडक्यात गुंडाळलेल्या दोन कड्या निघाल्या. एकीला लाकडी मूठ, दुसरी तिच्या आत बसणारी.

"हा माझा न सांडणारा पेला आहे," मी म्हणाले. "बाबांनी मला कबूल केला होता."

"वहिनी, मी हा काढत नाही," काका आईला म्हणाले. "पुरा करतो. आतलं माप त्याने घेऊन ठेवलंय, त्याला मी हात लावणार नाही. फक्त कडी कापायची आणि जोडायला भोकं पाडायची."

आईने स्टुलावरचं बाबांचं फडकं उचलून काकांना दिलं.

मशीन चालू झालं तेव्हा तो आवाज ऐकून आम्ही दोघींनीही दाराकडे पाहिलं. मशीन चालू असताना बाबा कधी दारातून यायचे नाहीत, ते तर इथेच असायचे, तरीही पाहिलं. कडी सुटली. मी हात पुढे केला तर काका म्हणाले, "गार होऊ दे." मी रडले, आणि मला लाज वाटली नाही.

तिन्ही कड्या एकमेकींत बसल्या. मी धावत जाऊन माझा मग आणला. तो बसेना. बाबांचा पेला आणला, तो आरपार खाली गेला. मग आई स्वयंपाकघरातून तिचा तो टवका उडालेला पांढरा कप घेऊन आली. कप आत गेला आणि काठाशी असा टेकला, की जणू तिथेच घडला होता.

तेव्हा मी आईच्या हाताकडे नीट पाहिलं. हात थरथरत होता. गेलं वर्षभर ती सगळ्यांना अर्धाच कप चहा देत होती आणि मी तिला कंजूष म्हणून चिडवत होते. बाबा उठून स्वतः आत जाऊन आपला कप घेत, तर ती म्हणायची, म्हातारपणी यांना धीर म्हणून राहिला नाही.

"हाताचं मी यांना कळू दिलं नव्हतं," आई म्हणाली. "एका शब्दाने नाही."

ते माझ्यासाठी नव्हतं म्हणून क्षणभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तिच्याकडे पाहवेना. कड्यांसकट कप घेऊन आई आत गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा लाकडी मूठ तिच्या हातात होती. हात हलत होता, बाहेरची कडी हलत होती, आणि काठोकाठ भरलेला कप स्थिर होता. फरशीवर थेंब पडला नाही.

मशीनपाशी येऊन ती रिकाम्या स्टुलासमोर उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "आज भरून आणलाय."