माही पराटी मले ओळखते

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दारव्हा तालुक्यात आजवर कोणी मानलेली नाही. पण ओट्यावर बसलाच आहात, तर ऐका.

माझ्या बायकोला, कोकिळेला, दोन हिवाळे खोकला होता. ती खोकली की शेजारच्या गावची कुत्री चौकशीला यायची. डॉक्टर म्हणाले, चुलीचा धूर बंद करा. गॅस होता घरी, पण त्यावर ती फक्त चहा करायची. भाकर चुलीवर, आणि चुलीत पराटी. कापूस वेचून झाला की उपटलेली ती वाळकी झाडं म्हणजे आमचं वर्षभराचं सरपण. अंगणातल्या त्या ढिगाला ती कोणाला हात लावू देत नसे.

अशात फाट्यावर कारखाना निघाला. पराटी भरडायची, दाबायची, मनगटाएवढ्या कांड्या पाडायच्या. त्या मोठ्या बॉयलरला जातात, आणि पंख्याच्या शेगडीतही जळतात, जवळजवळ बिनधुराच्या. मी शेगडी घेऊन आलो.

कोकिळा म्हणाली, "कोणाच्या वावरातलं काय जळते त्याच्यात, काय मालूम! माह्या भाकरीखाली माह्याच वावरातली पराटी पाह्यजे."

"अन् आपलीच असली तं?"

"तं पेटवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अख्खा ढीग बैलबंडीत भरला आणि कारखान्यावर नेला. मशीनवर जमीर होता. तो हसला.

"चाचा, साऱ्या तालुक्याचा माल एकाच मशीनमधी जाते. तुमच्या काड्या अलग कशा काढू?"

"तू मशीन चालव रे. माही पराटी मले ओळखते."

आता इथून पुढचं नीट ऐका. मी मशीनच्या तोंडाशी उभा राहिलो आणि हाक मारली. आमची पराटी रांगेत उभी राहिली! दुसऱ्यांच्या काड्यांना म्हणते कशी, "सरका, आमाले कोकिळाबाईच्या घरी जायचं हाये." एक काडी चुकून परक्या ढिगात गेली होती, ती धापा टाकत परत आली. मशीनला तीन उचक्या लागल्या. जमीरनं डोक्यावरची टोपी काढली. आणि कांड्या पडल्या त्या थेट माझ्या बंडीत उड्या मारत. परक्या वावराचा एक कणही त्यात नाही.

घरी आलो. कोकिळेनं एक कांडी उचलली, नाकाशी नेली. माझ्याकडे पाहिलं. शेगडी पेटवली, भाकर टाकली, आणि भाकर अशी टम्म फुगली, की तव्यावरून उठून आढ्याला टेकली. शिडी लावून काढावी लागली. हळूहळू खोकलाही उतरला. सारा गुण आपल्या वावरातल्या पराटीचा!

"खोटं!"

दारात कोकिळा उभी होती, हाताला पीठ. एवढ्या मोठ्यानं ओरडली, पण खोकली नाही.

"मळणीतलं सोयाबीनचं कुटार होतं त्याच्यात. पह्यल्याच दिवशी वासानं समजलं मले. आपण सोयाबीन पेरलं होतं काय त्या साली?"

"मंग पेटवली काहून?"

"दिवस बुडता आले तुमी. डोक्यापासून पायापर्यंत भुसा. पापण्यायवर बी भुसा. दिवसभर त्या मशीनपाशी उभे होते माह्यासाठी. त्या माणसाले कसं म्हणू, का हे आपलं नाही म्हणून?"