साडेसोळा फूट पेप्पिनो

मी एक जुना सिनेमा आहे. खरं सांगायचं तर सिनेमाचा एक नवमांश आहे. पूर्वी मी नऊ डब्यांत राहत असे. आता फक्त चौथा डबा उरला आहे. त्यामुळे माझ्या गोष्टीत हवालदार अजून कुणालाही पकडत नाही आणि एकही गुंड तुरुंगात जात नाही. नुसता चौथा डबा बघणाऱ्याला वाटेल, की हा सिनेमा नसून बातमीपट आहे.

मित्रांनो, माझा जन्म एकोणीसशे एक्कावन्न सालचा. गोष्ट मात्र त्याच्याही चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधीची. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत तेव्हा दुकानदारांना चिठ्ठ्या यायच्या: इतके डॉलर आणून द्या, नाहीतर दुकान उडवू. सगळे मुकाट्याने देत. मग गास्पारे लेंतिनी नावाचा एक हवालदार उभा राहतो. तो त्याच वस्तीतला, त्यामुळे पोलीस त्याला परका मानतात आणि वस्ती त्याला पोलीस मानते. तो लाच घेत नाही, हा माझ्यातला सगळ्यात अविश्वसनीय भाग, असं एका टीकाकाराने लिहिलं होतं.

बाकी सगळा मी स्टुडिओत घडलो, पण चौथ्या डब्यातला बाजार त्याच वस्तीतल्या खऱ्या गल्लीत चित्रित झाला. दिग्दर्शकाने गल्लीतल्याच लोकांना उभं केलं आणि बजावलं, "हवालदार आला की माना फिरवा. तुम्ही घाबरलेले आहात." सगळ्यांनी माना फिरवल्या. एकच माणूस चुकला. पेप्पिनो स्कार्दाची, मासेविक्या. आयुष्यभर समोरून ओळखीचा माणूस आला की टोपी काढायची त्याची सवय. कॅमेरा समोर आहे हे विसरून त्याने टोपी काढली, छातीशी धरली, किंचित वाकला आणि परत घातली. दिग्दर्शक ओरडायला निघाला होता. मग त्याने तोंड मिटलं आणि ते तसंच ठेवलं. अकरा सेकंदं. साडेसोळा फूट. माझ्यात खरा अभिनय कुठे असेल तर तिथे, कारण तिथे कुणीच अभिनय करत नव्हतं.

माझी सुरुवातीची वर्षं थाटाची गेली. मखमली पडद्यांच्या मोठमोठ्या थिएटरांत मी लागलो. पोलीस खात्यातली मंडळी मला बघायला झुंडीने आली, आणि इमानदार हवालदाराचं कौतुक करत फुकटात आत शिरली. पुढच्या रांगेत गुंडगिरी करणारी पोरं बसत. ती माझ्यातल्या खलनायकाचा ओव्हरकोट बघून शिंप्याकडे जात. दोघंही टाळ्या वाजवत, फक्त वेगवेगळ्या जागी.

मग नवे सिनेमे आले आणि मी उतरत उतरत 'अरोरा'पर्यंत पोचलो. 'अरोरा' म्हणजे त्या बाजारगल्लीतलंच थिएटर: दोनशे खुर्च्या, त्यातल्या एकशे ऐंशी शाबूत. मालक पास्क्वाले तेदेस्को, आणि वर खोलीत मशीन चालवणारा एत्तोरे मार्झुल्लो. एत्तोरे एकटा राहायचा आणि माझ्याशी बोलायचा. दोन मशिनं आळीपाळीने चालवताना एक डबा संपून दुसरा कधी सुरू झाला हे प्रेक्षकांना कळू द्यायचं नाही, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

रोज दुपारी तीनच्या खेळाला काळ्या कपड्यांतली एक बाई येऊन तिसऱ्या रांगेत बसे. नुन्झिआता स्कार्दाची. तिचा नवरा पेप्पिनो मला बघायच्या आतच, चित्रीकरण झालं त्याच हिवाळ्यात, माशांची पेटी उचलताना छातीत कळ येऊन गेला होता. घरी त्याचा एकच फोटो, लग्नातला, त्यात तो खांबासारखा उभा. हलणारा पेप्पिनो सगळ्या जगात फक्त माझ्याकडे होता.

चौथा डबा लागला, त्याने टोपी काढून परत घातली, की ती उठून घरी जाई.

"डोना नुन्झिआता, पुढे काय होतं ते तरी बघा एकदा," तेदेस्को म्हणाला. "हवालदार शेवटी जिंकतो."

"जिंकेना का. त्याला बायको आहे का?"

"सिनेमात? नाही."

"मग मला काय करायचंय त्याचं."

पाच आठवडे असे गेले. मार्चमध्ये, सिनेमे भाड्याने देणाऱ्या गोदामाकडून मला परत बोलावणं आलं. माझा शेवटचा खेळ नेमका एकोणीस तारखेला, सान जुझेप्पेच्या सणाला पडला. पेप्पिनोचं कागदोपत्री नाव जुझेप्पे, म्हणजे हा त्याच्या नावाच्या संताचा दिवस, त्याचा नामदिवस. आमच्या गल्लीत वाढदिवस लोक विसरतात. नामदिवस विसरला तर दोन वर्षं बोलणं बंद होतं.

एत्तोरेला वाटलं, या बाईला काहीतरी द्यावं. आता, मशीन चालवणाऱ्या माणसांची एक जुनी खोड असते. आवडत्या नटीची दोन-चार चित्रं ते फिल्ममधून कापून सिगारच्या डबीत ठेवतात आणि उरलेली टोकं जोडून टाकतात. कुणाला पत्ता लागत नाही. एत्तोरेने मन मोठं केलं आणि अख्खे साडेसोळा फूट कापले. गुंडाळी करून झेप्पोले या सणाच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घातली, वर रिबीन बांधली आणि तिला नेऊन दिली.

नुन्झिआताने फिल्म खिडकीशी धरली. "अय्या, हा बघ. केवढासा झालाय! आणि किती आहेत रे!"

"दोनशे चौसष्ट, डोना."

तिने त्याचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. एत्तोरे खूश. आणि मी, मित्रांनो, मध्ये एक भोक घेऊन पुढच्या गावाला निघालो. त्यानंतर वर्षभर माझा हवालदार बाजारात शिरायचा आणि एकदम उडी मारून न्हाव्याच्या दुकानापलीकडे पोचायचा. लोक शिट्ट्या मारायचे. इतक्या इमानदार माणसाला मी लोकांच्या हसण्याचा विषय करत होतो, याचं मला फार वाईट वाटायचं.

पुढच्या वर्षी तेदेस्कोने सान जुझेप्पेच्या दिवसासाठी मला मुद्दाम मागवलं. सोबत आणखी एक बातमी आली. गोदामवाल्यांनी कळवलं, की हा माझा शेवटचा फेरा. परत आलो की कुऱ्हाडीने तोडून माझ्यातली चांदी काढून घेणार. माझ्यासारख्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये थोडी चांदी असते. तेवढीच माझी किंमत उरली होती.

डबे सोमवारी आले, सण गुरुवारी. सोमवारीच नुन्झिआता वर मशीनच्या खोलीत धापा टाकत हजर.

"अरे एत्तोरे, मागच्या दोन रांगा राखून ठेव. ब्रुकलिनहून नणंद येतेय, तिची मुलं, सुना, सगळी. म्हटलं, या, पेप्पिनो तुम्हाला टोपी काढून नमस्कार करील."

एत्तोरेचा चेहरा पडद्यासारखा पांढरा झाला. "डोना, एक सांगायचं राहिलं. तो तुकडा जो मी तुम्हाला दिला..."

"हां."

"तो मूळचाच होता."

"मूळचा म्हणजे?"

"म्हणजे सिनेमात आता पेप्पिनो नाही. तो तुमच्याकडे आहे. खोक्यात."

नुन्झिआता स्टुलावर बसली. "खोक्यात कुठला! मला वाटलं, फोटोची काढतात तशी तू प्रत काढून दिलीस. संतांची चित्रं वाटतात ना, तसे बोटबोटभर तुकडे केले आणि सगळ्यांना देऊन टाकले मी. गेल्या सणाला, जेवायला आलेल्या प्रत्येकाला एकेक."

"किती जण होते?"

"चव्वेचाळीस." मग ती म्हणाली, "एकच नवरा दोनदा घालवणारी बाई या गल्लीत मीच पहिली."

"माझी चूक आहे, डोना."

"अर्धी तुझी. रडू नकोस, मशीनवर पडेल. जोडता येतं का हे?"

"तुकडे मिळाले तर येतं. पण गुरुवारच्या आत मिळायला हवेत. नंतर हा सिनेमाच राहणार नाही."

"मग ऊठ. कोट घाल."

दोघं घरोघर फिरले. मित्रांनो, वर्षभर माझे तुकडे त्या घरांत राहिले होते, त्यामुळे मला गल्लीची सगळी गुपितं ठाऊक होती. ती मी सांगणार नाही. एक तुकडा प्रार्थनेच्या पुस्तकात होता, एक आरशाच्या कडेला, एक आजारी माणसाच्या उशीखाली. कुणी टाचणीने मदर मेरीच्या चित्राला लावला होता, त्याला भोक. कुणाच्या तुकड्यावर मेणबत्तीचं मेण. बहुतेकांनी मुकाट्याने काढून दिले. एक बाई म्हणाली, "देते, पण मोजून परत पाहिजे." तिच्याकडे नुन्झिआताने नुसतं बघितलं. तिने दिला.

अडलं ते कार्लुच्चोपाशी. कार्लुच्चो म्हणजे गल्लीतल्या दुकानांकडून दर शुक्रवारी 'देखभालीचे' पैसे गोळा करणारा गृहस्थ. त्याच्या बाप्तिस्म्याला नुन्झिआताने त्याला हातावर धरलं होतं, म्हणून तो तिचा धर्मपुत्र. त्याने आपला तुकडा हॅटच्या पट्टीत खोचला होता.

"तो नाही मिळायचा, मम्मा नुन्झिआता," तो म्हणाला. "नशीब आहे माझं. तो लावल्यापासून एकदा पकडलं नाही मला."

"त्या तुकड्यात काय आहे ते पाहिलंस कधी?"

"पेप्पिनोकाका."

"पेप्पिनोकाका काय करतोय?"

कार्लुच्चोने हॅट काढून तुकडा उजेडात धरला. "नमस्कार करतोय."

"कुणाला?"

त्याने तुकडा डोळ्यांच्या आणखी जवळ नेला. "...पोलिसाला?"

"वर्षभर हे डोक्यावर मिरवतोयस, बाळा. तुझ्या मित्रांनी निरखून बघितलं नाही हे तुझं नशीब. आण इकडे."

त्याने निमूटपणे दिला. मग म्हणाला, "गुरुवारी येऊ ना मी?"

"न आलास तर बघते."

चव्वेचाळीसपैकी सदतीस मिळाले. तीन सिसिलीतल्या बहिणीकडे गेले होते, एक आगाते मावशीच्या शवपेटीत, एक नातवंडाने चघळून टाकलेला. दोन कुठे गेले ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही.

मंगळवारी नुन्झिआताच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या मेणकापडावर मला मांडलं. आता क्रम लावायचा. टोपी कानापाशी, टोपी हनुवटीपाशी, टोपी छातीपाशी. बायका खिडकीशी धरून धरून लावत होत्या आणि भांडत होत्या.

"ही खाली चाललीय."

"काहीतरीच. वर चाललीय. घालतोय तो."

"माझ्या मेहुण्याला मी ओळखत नाही का?"

टोपी काढतानाची चित्रं आणि घालतानाची चित्रं, दोन्ही सारखीच दिसत. एत्तोरे डोकं धरून बसला. मग भिंग घेऊन नुन्झिआता एका तुकड्यावर वाकली. "पेप्पिनोकडे बघू नका ग. मागे हवालदार बघा. इथे तो पावाच्या दुकानापाशी आहे. इथे न्हाव्यापाशी. तो चालतोय ना? जिथे तो मागे, ते आधीचं." त्या हिशोबाने तासाभरात सगळे तुकडे लागले. लेंतिनी हवालदाराने नऊ डब्यांत जेवढे गुन्हे उकलले, त्याहून हे काम मला मोठं वाटतं.

बुधवारभर एत्तोरे जोडत बसला. फिल्म चिकटवायचा तो उग्र वासाचा द्रव, आणि प्रत्येक जोडाला टोकाचं एक चित्र खरवडून टाकावं लागायचं. एकेका जोडाला तो "माफ करा, डोन पेप्पिनो" म्हणायचा. अडतीस वेळा म्हणाला. अकरा सेकंदांतली पावणेआठ उरली.

गुरुवारी तीनच्या खेळाला शाबूत-मोडक्या सगळ्या खुर्च्या भरल्या. चौथा डबा लागला. हवालदार बाजारात शिरला, सगळ्यांनी माना फिरवल्या, आणि पेप्पिनो आला. प्रत्येक जोडाला तो दचकल्यासारखा हलत होता. मेणाचा डाग त्याच्या गालावरून सरकन गेला. टाचणीचं भोक सूर्यासारखं चमकलं. टोपी छातीपर्यंत आली, तो वाकला, टोपी एकदम डोक्यावर. आणि संपलं.

ब्रुकलिनच्या सुनांना तर काय झालं तेही कळलं नाही.

नुन्झिआता तिसऱ्या रांगेत उभी राहिली. मान वर करून म्हणाली, "पुन्हा लाव."

तेदेस्को कुजबुजला, "अहो, लोकांनी तिकीट काढलंय..."

"लाव रे!" मागून कार्लुच्चो गरजला. त्याच्या गल्लीतल्या कामकाजात हे एक वाक्य कायदेशीर होतं.

एत्तोरेने मला मागे गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी लोक पेप्पिनोला उलट नमस्कार करायला लागले. हॅटवाल्यांनी हॅट काढल्या. पाचव्या वेळी माझी कडा फाटायला लागली. एत्तोरे वरच्या खिडकीतून ओरडला, "डोना, आणखी लावलं तर तुटेल!"

ती पडद्याकडे बघत राहिली. तिथे माझा हवालदार न्हाव्याच्या दुकानापाशी एक पाऊल उचलून थांबलेला.

"बरं," ती शेवटी म्हणाली, "जाऊ दे आता पुढे. त्याला कामं असतील." आणि खाली बसली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा माझा शेवट बघितला.

शुक्रवारी नऊ डबे गोदामात परत गेले. गोदामवाले डबे मोजत, उघडून बघत नसत. चौथ्या डब्यात एत्तोरेने साबणाच्या जुन्या जाहिराती भरल्या होत्या. माझी आठ भावंडं कुऱ्हाडीखाली गेली, आणि इमानदार हवालदाराच्या सिनेमाचा जो काही भाग आज जगात शिल्लक आहे, तो चोरीचा माल आहे. त्यानंतर दहा वर्षं, दर सान जुझेप्पेला दुपारी तीन वाजता, मी त्या तिसऱ्या रांगेसाठी एकदा लागत असे. दर वर्षी दोन-तीन जोड सुटत, चार-पाच चित्रं जात. शेवटच्या वर्षी पेप्पिनो सहा सेकंदांचा होता. तो तिला पुरला.

मित्रांनो, आता मी जुने सिनेमे जपणाऱ्या एका संग्रहालयाच्या थंड खोलीत, नंबर लावलेल्या कपाटात असतो. हातमोजे घातलेली माणसं मला प्रेमाने हाताळतात. डब्यावर चिठ्ठी आहे: अतिशय नाजूक, चालवू नये. त्यांचं बरोबर आहे. असा मी पुष्कळ टिकेन. पण डब्यात पेप्पिनोची टोपी डोक्यावरून हलत नाही. ती हलायला उजेड लागतो, मशीन लागतं आणि समोर बघणारं कुणीतरी लागतं. तुमच्याही घरात कुणाचं चालणं, कुणाचा आवाज, कुणाचं हसणं असं कुठेतरी गुंडाळून ठेवलेलं असेल. ते जरूर जपा. पण वर्षातून एकदा तरी बाहेर काढा आणि लावा. थोडं झिजेल. झिजू द्या.